आपल्या मालकीची फाइल: चित्रपट, गाणी आणि पुस्तकं कायदेशीरपणे डाउनलोड कशी करायची

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ किंवा यूट्यूब प्रीमियमच्या ॲपमध्ये खाली वळलेला बाण दाबला की चित्रपट ‘डाउनलोड’ झाला असं आपण म्हणतो. पण तो त्या ॲपच्या कुलपातच राहतो. पेनड्राइव्हवर घेता येत नाही, ठरावीक मुदतीनंतर आपोआप निघून जातो आणि वर्गणी थांबली की उरलेलंही जातं. एसटीच्या लांबच्या प्रवासात ही सोय खरंच उपयोगी पडते. हा लेख मात्र खऱ्याखुऱ्या फाइलबद्दल आहे. अशी फाइल तुमच्या फोल्डरमध्ये दिसते, हव्या त्या प्लेअरमध्ये चालते, गावाकडच्या टीव्हीला पेनड्राइव्हने लावता येते आणि दहा वर्षांनीही तुमच्याकडेच राहते.

अशा फाइली फक्त चोरीच्या साइटवर मिळतात, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. कायद्याने मोकळं झालेलं किंवा निर्मात्यांनी स्वतःहून मोकळं केलेलं इतकं साहित्य नेटवर आहे की एका आयुष्यात पाहून-ऐकून संपणार नाही. ते ओळखता आलं आणि नीट उतरवता आलं, की चोरीच्या साइटकडे फिरकायची गरजच उरत नाही.

आधी हक्काचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दोन हिशेब आहेत. लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांचा, कवितांचा, नाटकांचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांसाठी मृत्यूचा संबंध नाही. ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं.

उदाहरणं घेऊ. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १९५१पासून ६० वर्षं मोजली की मुदत २०१०च्या अखेरीस संपते. म्हणजे १ जानेवारी २०११पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं कुणीही छापू शकतो, कुणीही उतरवून घेऊ शकतो. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६०च्या अखेरपर्यंत आहे. व्हॉट्सॲपवर त्यांच्या पुस्तकांच्या कितीही पीडीएफ फिरत असल्या, तरी त्या मोकळ्या ठरत नाहीत. चित्रपटांचं सोपं आहे. १९३६ साली आलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ या हिशेबाने १९९७पासूनच मोकळा ठरतो. १९६५ साली प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२६ रोजी मोकळा झाला. दर १ जानेवारीला एका नव्या वर्षाची सगळी निर्मिती अशी सर्वांची होते.

यात एक खाच आहे. चित्रपट मोकळा झाला म्हणून त्यातलं प्रत्येक गाणं मोकळं झालं असं नाही. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार आणि संगीतकाराच्या मृत्यूवरून मोजतात. ग. दि. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे. जुना चित्रपट उतरवून घरी पाहण्यात अडचण नाही, पण त्यातलं गाणं उचलून स्वतःच्या व्हिडिओत वापरायचं असेल तर वेगळी परवानगी लागू शकते. चित्रपट जुना असला तरी कुणी अलीकडे त्याला नवं पार्श्वसंगीत दिलेलं असेल किंवा नवी सबटायटल्स लिहिलेली असतील, तर त्या भरीवर नवा हक्क असतो.

परदेशात राहणाऱ्यांनी आपण जिथे आहोत तिथला कायदा पाहायचा. अमेरिकेत जुन्या कामांची मुदत प्रसिद्धीपासून ९५ वर्षं अशी मोजतात. त्यामुळे पुण्यात मोकळा असलेला चित्रपट न्यू जर्सीत मोकळा असेलच असं नाही.

दुसरा प्रकार निर्मात्याने स्वतः मोकळ्या केलेल्या कामांचा. त्यावर बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो आणि ‘सीसी’ अक्षरांपुढे अटी लिहिलेल्या असतात. ‘बीवाय’ म्हणजे निर्मात्याचं नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदल केलेली प्रत पुढे देऊ नका. ‘एसए’ म्हणजे बदल केलात तर तोही याच अटींवर मोकळा ठेवा. नुसतं घरी पाहायचं असेल तर यातली कुठलीच अट आडवी येत नाही.

जागा, वेग आणि डेटा पॅक

इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये (सेकंदाला किती मेगाबिट) सांगतात आणि फाइल एमबीमध्ये (मेगाबाइट) मोजतात. दोन्हींत आठ पटींचा फरक आहे. १० एमबीपीएसचं कनेक्शन सेकंदाला सव्वा एमबी आणतं. म्हणजे ७०० एमबीचा चित्रपट उतरायला, सगळं सुरळीत असेल तर, जवळपास साडेनऊ मिनिटं लागतील. प्रत्यक्षात समोरचा सर्व्हर किती वेगाने देतो त्यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे दुप्पट-तिप्पट वेळ धरूनच बसा.

फाइल किती मोठी असेल याचाही अंदाज बांधता येतो. १ एमबीपीएस बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला तेवढा डेटा लागणारा, व्हिडिओ तासाला ४५० एमबी जागा घेतो. एमपीथ्री गाणं १२८ केबीपीएसचं असेल तर मिनिटाला जवळपास १ एमबी, ३२० केबीपीएसचं असेल तर २.४ एमबी. बोलक्या पुस्तकांना ६४ केबीपीएस पुरतं, म्हणजे तासाला २९ एमबीच्या आसपास.

आता हा हिशेब मोबाइलच्या पॅकला लावा. दीड एमबीपीएसचा दोन तासांचा चित्रपट १३५० एमबीचा होतो. दिवसाला दीड जीबी देणारा पॅक त्यात जवळपास संपतो. मर्यादा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने तासाला २९ एमबीसुद्धा उतरत नाहीत, आणि फाइलचे २०० एमबी राहिले असतील तर ते यायला सात तास लागतात. म्हणून मोठी फाइल वायफायवरच घ्या, आणि तेवढं शक्य नसेल तर दिवसाचा कोटा नवा सुरू झाल्या झाल्या घ्या.

मोठी फाइल म्हणजे चांगलं चित्र, असं मात्र समजू नका. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या नेटवरच्या कित्येक प्रती व्हीसीडीवरून घेतलेल्या आहेत. व्हीसीडीचं मूळ चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यावर कुणी ‘१०८०पी’ (म्हणजे १०८० ओळींचं चित्र) असं लिहून तीन जीबीची फाइल टाकली, तरी नवा तपशील कुठून येणार? अशा वेळी ५०० एमबीची प्रत तितकीच चांगली दिसते. नव्या, नीट स्कॅन केलेल्या चित्रपटासाठी मोबाइलवर ७२०पी पुरेसं आहे. १०८०पी टीव्हीसाठी ठेवा.

पहिली फाइल: सरावाची

सुरुवात अशा फाइलपासून करा जिच्या हक्काबद्दल शंकाच नाही. ‘बिग बक बनी’ हा दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट ब्लेंडर फाउंडेशनने २००८ साली काढला आणि ‘सीसी बीवाय’ परवान्याखाली जगाला देऊन टाकला. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही आवडेल.

कॉम्प्युटरवर आर्काइव्ह डॉट ऑर्ग उघडा. हे इंटरनेट आर्काइव्ह, ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं ना-नफा डिजिटल ग्रंथालय. फाइल उतरवण्यासाठी खातं काढावं लागत नाही. शोधाच्या चौकटीत चित्रपटाचं नाव टाका आणि निकालातून तो निवडा. पान उघडल्यावर वर प्लेअर दिसेल आणि खाली एका बाजूला ‘डाउनलोड ऑप्शन्स’ नावाची यादी. त्यात एकाच चित्रपटाचे अनेक साचे (फॉरमॅट) असतात. ‘एच २६४’ किंवा ‘एमपेगफोर’ लिहिलेला निवडा, तो जवळपास सगळीकडे चालतो. ‘शो ऑल’वर गेलात तर प्रत्येक फाइलचं पूर्ण नाव आणि आकार दिसतो. मी नेहमी आधी तिथेच जायला सांगेन, कारण आकार पाहून निर्णय घेता येतो.

नावावर साधं क्लिक केलं तर बऱ्याचदा फाइल उतरण्याऐवजी ब्राउझरमध्येच चालू होते, आणि नवखा माणूस इथे अडकतो. अशा वेळी नावावर माउसचं उजवं बटण दाबून ‘सेव्ह लिंक ॲज’ निवडा आणि फोल्डर दाखवा. मोबाइलवर लिंक दाबून धरली की ‘डाउनलोड लिंक’ असा पर्याय येतो.

क्रोममध्ये कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं की चालू डाउनलोडची यादी उघडते. तिथे थांबवा आणि पुढे चालू करा अशी बटणं असतात. फाइल पूर्ण होईपर्यंत तिच्या नावाला शेवटी ‘सीआरडाउनलोड’ जोडलेलं असतं, फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’. ते शेपूट असताना फाइल हलवू नका, नाव बदलू नका. उतरून झाल्यावर तिचा आकार साइटवर लिहिलेल्या आकाराशी जुळवा. बराच कमी असेल तर मध्येच तुटली आहे, पुन्हा घ्या.

अँड्रॉइडवर उतरलेली फाइल ‘फाइल्स’ ॲपमधल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये सापडते. आयफोनवरही ‘फाइल्स’मध्येच, सफारीने तिथे डाउनलोड्स नावाचा फोल्डर केलेला असतो.

मराठी साहित्य शोधताना

आर्काइव्हवर मराठी भरपूर आहे, पण सरळ शोधून सापडत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी पुस्तकं तिथे आहेत आणि त्यांची शीर्षकं रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहिलेली आहेत. देवनागरीत शोधून काही मिळालं नाही तर रोमनमध्ये शोधा. ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही वापरून पाहा, शेवटचा ‘ए’ ठेवून आणि काढून पाहा, पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाचं आडनाव टाका. डाव्या बाजूच्या गाळण्यांतून वर्ष आणि भाषा निवडली की ढीग कमी होतो. हे चिकाटीचं काम आहे, पण शंभर वर्षांपूर्वीचं एखादं नाटक असं हाती लागतं तेव्हा त्याचं चीज होतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आर्काइव्हवर कुणीही काहीही चढवू शकतो. तिथे आहे म्हणजे मोकळं आहे असा अर्थ काढू नका. वरचा साठ वर्षांचा हिशेब स्वतः करा.

मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं आहेत. त्यांपैकी बरीच स्वयंसेवकांनी टंकलिखित करून तपासलेली आहेत आणि प्रत्येक पुस्तक ईपब किंवा पीडीएफमध्ये उतरवता येतं. मोबाइलवर वाचायचं असेल तर ईपब घ्या. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात, पीडीएफमध्ये पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत देतं. ई साहित्य प्रतिष्ठान आजच्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या संमतीने पीडीएफमध्ये देतं. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी १९७१ साली मायकेल हार्ट यांनी सुरू केलेलं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, आणि तशीच पुस्तकं ऐकायची असतील तर लिब्रिव्हॉक्स, जिथे २००५पासून स्वयंसेवक वाचून ध्वनिमुद्रित करतात.

संगीतासाठी फ्री म्युझिक आर्काइव्ह आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी म्यूझओपन पाहा. परवाना दर गाण्याखाली लिहिलेला असतो.

पॉडकास्टचं तर सगळ्यात सोपं. बहुतेक पॉडकास्ट मुळातच उतरवून ऐकण्यासाठी दिलेल्या ध्वनिफाइली असतात. अँड्रॉइडवर अँटेनापॉड हे मोफत, जाहिरातमुक्त ॲप घ्या, कार्यक्रमाची सदस्यता घ्या, आणि सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर उतरव’ असं ठेवून द्या.

टॉरेंटबद्दल सरळ बोलू

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेलं बिटटॉरेंट हे फाइल पोहोचवण्याचं तंत्र आहे आणि ते बेकायदेशीर नाही. उबुंटूसारख्या मोफत संगणक प्रणाली असे वाटल्या जातात आणि आर्काइव्हही बहुतेक फाइलींचा टॉरेंट देतं. एका सर्व्हरकडून सलग घेण्याऐवजी फाइलचे तुकडे अनेकांकडून येतात, मध्येच वीज गेली तरी राहिलेलं पुढे चालू होतं, आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. आर्काइव्हवरून दोन जीबीची फाइल सारखी तुटत असेल तर हाच मार्ग धरा. त्यासाठी क्यूबिटटॉरेंट हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

पण तुकडे घेताना तुम्ही तेच तुकडे इतरांना देतही असता. त्याने दोन गोष्टी होतात. एक, अपलोडचाही डेटा खर्च होतो, म्हणून मोबाइल पॅकवर टॉरेंट चालवू नका. दुसरी जास्त गंभीर. फाइल चोरीची असेल तर तुम्ही नुसते पाहणारे राहत नाही, वाटणारे होता. जाणूनबुजून कॉपीराइट मोडणाऱ्याला कायद्याच्या कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. आणि शिक्षा बाजूला ठेवली तरी, मोजक्या चित्रपटगृहांत दोन आठवडे मिळवायला झगडणाऱ्या मराठी निर्मात्याचा चित्रपट असा वाटला गेला तर त्याच्या पुढच्या चित्रपटाचे पैसे तिथेच बुडतात. नवा चित्रपट तिकीट काढून किंवा ओटीटीवरच पाहा. याबाबतीत माझं मत ठाम आहे.

फसवी बटणं आणि फसव्या फाइली

एका पानावर तीन-चार मोठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसली की समजा, त्यातली बहुतेक जाहिराती आहेत. माउस बटणावर नुसता न्या, क्लिक न करता. खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. तो त्याच साइटचा नसेल तर सोडून द्या. ‘रोबोट नसल्याचं सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगणारी चौकट रोबोट तपासत नसते, ती तुमच्या स्क्रीनवर जाहिराती पाठवायची परवानगी मागत असते.

फाइलच्या नावाचा शेवट पाहायची सवय लावा. चित्रपट एमपीफोर किंवा एमकेव्ही असतो, गाणं एमपीथ्री किंवा फ्लॅक. शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर तो चित्रपट नाही, प्रोग्राम आहे. विंडोज हा शेवट लपवून ठेवतं, त्यामुळे ‘एमपीफोर’ने संपणाऱ्या नावाच्या मागे ‘ईएक्सई’ दडलेलं असू शकतं. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. हे आजच करा.

मोबाइलवर तोच धोका ‘एपीके’ फाइलींचा. लग्नपत्रिका किंवा नवा चित्रपट म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडली की ती ॲप बसवते, एसएमएस वाचते आणि ओटीपी बाहेर पाठवते. घरातल्या ज्येष्ठांना हे मुद्दाम बसून सांगा. ‘हा व्हिडिओ चालवायला आधी आमचा प्लेअर घ्या’ किंवा ‘पासवर्डसाठी फॉर्म भरा’ असं सांगणारी फाइलही तिथेच पुसून टाका. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पाहताना: प्लेअर, सबटायटल, पेनड्राइव्ह

प्लेअर म्हणून व्हीएलसी घ्या. मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि जवळपास कुठलाही साचा चालवतं. आवाज येतो पण चित्र येत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

सबटायटलची ‘एसआरटी’ फाइल चित्रपटाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि तिचं नाव चित्रपटाच्या नावासारखंच करा, फक्त शेवट वेगळा. व्हीएलसी ती आपोआप उचलतं. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, मराठी तिथे नीट दिसत असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ ८’ करून पुन्हा जतन करा. बऱ्याच टीव्हींना मात्र देवनागरी सबटायटल तरीही दाखवता येत नाहीत. तिथे लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडणं बरं.

पेनड्राइव्हवर जागा असूनही पाच जीबीची फाइल जात नसेल, तर तो ‘फॅट ३२’ पद्धतीने बांधलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. टीव्हीच्या माहितीपत्रकात ‘एक्सफॅट’ चालतं का ते पाहा आणि चालत असेल तर पेनड्राइव्ह तसा फॉरमॅट करा. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी ते दुसरीकडे हलवा.

ठेवताना

डाउनलोड्स फोल्डर भरला की शोधायला त्रास होतो आणि एक दिवस कुणीतरी तो साफ करतं. चित्रपट, ध्वनी, पुस्तकं असे तीनच फोल्डर करा. नावात आधी वर्ष, मग शीर्षक, मग भाषा लिहा, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. प्रत्येक फाइल कुठून घेतली आणि तिचा परवाना काय, हे त्याच फोल्डरमधल्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत नोंदवा. पुढे कुणाला ती फाइल द्यायची झाली तर शोधाशोध करावी लागत नाही.

जे परत मिळणं अवघड वाटतं त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंदच होतं. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करण्यासाठी वापरा, कायमच्या साठवणीसाठी नको. आणि हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नका. वर्षातून एकदा, १ जानेवारीला नव्याने मोकळं झालेलं काय आहे ते शोधायला बसाल तेव्हाच ती जोडा आणि चार फाइली चालवून बघा.